खुर्शीदाची भवानी

दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक कुणी कुणाला देत नाय. सख्ख्या बहिणीलाही नाय. नाशकात गंगेकाठी, म्हणजे आमच्या गोदावरीकाठी, भाजी घेऊन बसणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ती हेच सांगेल. पहिल्या विक्रीला आम्ही भवानी म्हणतो, खुर्शीदा बोहनी म्हणते, पण नियम दोघींचा एकच. ती झाल्याशिवाय जागेवरून उठायचं नाय, उधार द्यायचं नाय, चहासुद्धा प्यायचा नाय. आधी उठलं की दिवस हातचा गेला. कुणी याला अंधश्रद्धा म्हणेल. म्हणू दे, त्याला पहाटे जुड्या बांधाव्या लागत नाहीत.

मी सगुणाबाई, मखमलाबादची. घरच्या वावरातली भाजी आणते. तोंडाची फटकळ हाय, हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्यांना त्रास नको. खुर्शीदा माझ्या शेजारी बसते. इतक्या वर्षांत आमची पोती एकदाही सरळ पडलेली नाहीत. कधी तिचं चार बोटं माझ्याकडं, कधी माझं तिच्याकडं, आणि त्यावरून रोज सकाळी आमची जुंपते. त्याशिवाय मला करमत नाय.

ऐन उन्हाळ्यात एक दिवस ती भांडलीच नाय. मी वळून पाहिलं तर तिनं डावा पाय पोत्याखाली दडवलेला. मला वास आला. पोतं ओढलं तर तळव्याला फडकं, आणि फडक्याखाली नको ते. खोक्याचा खिळा घुसला होता. कधी घुसला ते तिलाही ठाऊक नव्हतं, कारण शुगरमुळं पायाला लागलेलं तिला कळतच नव्हतं. एका मोठ्या दवाखान्यात दाखवून आली होती, तिथं पाऊल कापायला सांगितलं होतं. ही बाई मुकाट्यानं घरी आली आणि दुसऱ्या दिवशी मेथी घेऊन बाजारात बसली. विमा नाय, कसलं कार्ड नाय. नवरा रहेमान दम्यानं घरी बसलेला. ते सगळं घर तिच्या टोपलीवर चालतं.

मी तिचा दंड धरला आणि बाजारामागच्या दवाखान्यात नेलं. मशिदीच्या आवारातली खोली, ती मशिदीच्या लोकांनी बिनभाड्यानं दिलेली. औषधांचा फ्रीज आमच्या गणपती मंडळाचा. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला खरेदीच्या भावात औषधं देतो. डॉक्टर भाग्यश्री म्हणून तरुण बाई तो दवाखाना चालवतात, आणि खिशात काही नसलेल्या माणसालाही आधी बसायला सांगतात. त्यांनी जखम नीट पाहिली, धुतली आणि म्हणाल्या, पाय वाचू शकतो. मात्र इंजेक्शन चुकवायचं नाय, त्या पायावर भार टाकायचा नाय आणि ड्रेसिंग रोज सकाळी झालंच पाहिजे. खंड पडला तर विष वर चढेल आणि मग त्यांचाही इलाज चालणार नाय.

घोडं अडलं ते तिथंच. डॉक्टरबाई सकाळी लवकर बसतात आणि बाजाराला जोर चढायच्या आत दुसऱ्या वस्तीवर जातात. इकडं खुर्शीदाची भवानी व्हायला कधी कधी ऊन डोक्यावर येतं. दुसऱ्या दिवशी खुर्शीदा जागेवरून उठलीच नाय. तिसऱ्या दिवशीही नाय. मी बोलून बोलून थकले. शेवटी डॉक्टरबाई स्वतः बाजारात आल्या, चिखलात मांडी घालून बसल्या आणि तिथंच पट्टी सोडली. त्यांचा चेहरा उतरला. काळं वर सरकत होतं. उद्या आली नाही तर पाय गेला, इतकंच बोलून त्या उठल्या.

माझं डोकं फिरलं. मी खुर्शीदाला नाय नाय ते बोलले. अख्खी ओळ ऐकत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली,

"सगुणा, बोहनीआधी उठले आणि माल पडून राहिला तर घरी काय नेऊ? तुला माझा पाय दिसतो. मला रिकामी चूल दिसते."

मी माझ्या जुड्यांवर पाणी मारलं, गरजेपेक्षा जास्तच.

दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणं सकाळीच गोरक्ष आला. गोरक्षची खानावळ हाय आणि त्याच्या पालेभाजीनंच माझी भवानी होते, कितीतरी वर्षं. तो माझ्या ढिगावर वाकला आणि मी म्हणाले, आज पहिली भाजी हिच्याकडून घ्या. तो माझ्याकडं बघतच राहिला. त्याला वाटलं, बाईला ताप आलाय.

खुर्शीदानं तोंड फिरवलं. "तुझं गिऱ्हाईक मी घेणार नाय."

"मग गिऱ्हाईक मला राहू दे आणि पाय दे कापून," मी म्हणाले. "घे मुकाट्यानं, आणि चालती हो दवाखान्यात."

तिनं मेथी दिली, नोटा कपाळाला लावल्या, काठी घेतली आणि गेली. तिची टोपली मी सांभाळली. त्या दिवशी दुपारपर्यंत माझ्याकडं कुणी फिरकलं नाय. मी गोरक्षला, खुर्शीदाला आणि स्वतःलाही शिव्या घातल्या. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं.

मग समोरच्या चिमणाबाईनं कमाल केली. ही बाई कुणाला सुट्टे पैसे देत नाय, तहानलेल्याला पाणी देताना दोनदा विचार करते. तिनं आपलं पहिलं गिऱ्हाईक हातानं वळवलं आणि खुर्शीदाकडं पाठवलं. मी म्हटलं, चिमणे, तब्येत बरी हाय ना? तर म्हणाली, सगळं पुण्य तूच लाटणार का? झालं. तिथून ओळीत चढाओढ लागली. आज माझी पाळी, काल तुझी झाली, यावर भांडणं व्हायला लागली. गिऱ्हाइकंही शहाणी झाली. पिशवी उघडायच्या आधी विचारायची, खुर्शीदाबाईंची भवानी झाली का? झाली असेल तर मगच आमच्याकडं वळायची.

रोज सकाळी खुर्शीदा पहिली उठायची. तिच्यामागं हळूहळू बाकीच्याही उठायला लागल्या. शेजारणीनं टोपली सांभाळायची आणि आपण प्रेशर दाखवून यायचं, असं सुरू झालं. चिमणाबाईचं प्रेशर इतकं निघालं की डॉक्टरबाईंनी तिला तिथंच आडवं केलं. मग मंडळाच्या पोरांनी टेबल आणि छत्री दिली, आणि डॉक्टरबाई बुधवारच्या बाजारात आमच्यातच बसायला लागल्या. भेंडी घ्यायला आलेली माणसं शुगर तपासून जायची.

पण पाय काही लवकर ऐकेना. पाऊस लागला तसा खुर्शीदाला ताप भरला आणि डॉक्टरबाईंनी आतलं सडकं मांस पुन्हा काढलं. त्या दिवशी आमच्या ओळीत कुणी ओरडून भाजी विकली नाय. ती आली ती रहेमानचा हात धरून. म्हणाली, आता डॉक्टरबाईसुद्धा म्हणतात, पाय राहतो का ते थांबून बघू. मी तिला म्हणाले, बस, उद्या पुन्हा जायचं हाय.

ती जात राहिली. आम्ही पाठवत राहिलो. पाऊस ओसरून गंगा खाली उतरली तोवर जखम रुपयाएवढी झाली, मग चणाडाळीएवढी, आणि एका सकाळी खुर्शीदा दवाखान्यातून लवकर परत येईना. माझा जीव खालीवर. इतक्यात बाजाराच्या वरच्या टोकाला गलका झाला. बघते तर खुर्शीदा येत होती. काठी नाय, पट्टी नाय, पायांत डॉक्टरबाईंनी दिलेल्या मऊ चपला. दवाखान्यातून सरळ आमच्याकडं येणारी वाट सोडून ती मुद्दाम वरून वळसा घालून आली होती. प्रत्येक टोपलीपुढं थांबत होती, साडी घोट्यापर्यंत उचलत होती आणि डावं पाऊल दाखवत होती. बायका एकमेकींना ढकलून बघत होत्या. गोरक्ष खानावळ सोडून धावत आला. मागं डॉक्टरबाई उभ्या होत्या, हसत होत्या आणि ओढणीनं डोळे पुसत होत्या.

ती माझ्यापाशी आली. चप्पल काढली, पण पाय पुढं करायला लाजली. मीच तो ओढून मांडीवर घेतला. तळव्याला नवी गुलाबी कातडी आली होती. पाचही बोटं जिथल्या तिथं.

"पाय नको गं धरूस," ती म्हणाली, "लोक बघतायत."

बघू देत की. भर बाजारात मी तो पाय दोन्ही हातांत धरून रडले आणि रडता रडता ओरडून सगळ्यांना सांगितलं, मोठ्या दवाखान्यानं कापायला काढलेला पाय हाय हा, आम्ही भाजीवाल्यांनी वाचवलाय.