हयात माणसाचा फोटो

संपादक चिडले की आवाज खाली आणत, आणि त्या सकाळी तर ते जवळजवळ कुजबुजत होते. समोरच्या खुर्चीत एक निवृत्त शिक्षक बसले होते, चांगले धडधाकट. आजच्या अंकात निधनवार्तेवर त्यांचाच फोटो होता. वारले होते त्यांचे थोरले भाऊ.

"बायकोला सांत्वनाचे फोन येतायत," शिक्षक म्हणाले. "पहिल्याला तिनं सांगितलं, थांबा, त्यांनाच देते."

कुणी हसलं नाही. साहेबांच्या आधी हसायची त्या कचेरीत पद्धत नव्हती.

"पान कुणी लावलं?"

निवृत्तीला आठ महिने उरलेले, अंकाची पानं लावणारे काका भिंतीला चिकटले. "साहेब, काल तुम्हीच..."

"विचारलं तेवढंच सांगा. उद्यापासून येऊ नका."

उपसंपादक बाईंनी मनातल्या मनात मोजदाद केली. अकरा वर्षांत या खोलीतून सात माणसं घरी गेली. पाच जणांच्या चुकीवर साहेबांचीच लाल सही होती. माणूस कामाला वाघ, मंत्र्यांनाही भीक न घालणारा. पण स्वतःची चूक दिसली की तिला दुसऱ्याच्या घरचा पत्ता देणारा. काल भावाचा अंधुक फोटो पाहून म्हणाले होते, "भुतं छापायची का आपण? फायलीतला स्वच्छ फोटो लावा." काका म्हणाले, हे धाकटे वाटतात. त्यावर, "तुम्ही पान लावा, चेहरे मी ओळखतो."

बाईंनी कालचं प्रूफ काढलं आणि थेट शिक्षकांपुढे ठेवलं. फोटोवर लाल अक्षरांत 'हाच', खाली सही.

"बाई, माझ्या खुर्चीवर डोळा आहे वाटतं?"

"तुमची खुर्ची तुम्हालाच लखलाभ. काकांची नोकरी राहू द्या."

शिक्षकांनी चष्मा चढवला. "सही तुमची ना? मग माफी तुमच्या नावानं, पहिल्या पानावर. आणि या गरिबाला काढलंत, तर हा कागद मी पलीकडच्या पेपरात नेऊन देतो."

साहेबांचा आवाज आणखी खाली गेला. "काका, कामाला लागा. बाई, उद्यापासून तुम्ही छोट्या जाहिराती बघायच्या."

बाहेर येताच काका बाईंवरच उखडले. "कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? आठ महिने सोलून काढेल तो मला."

"सोलू दे. आठ महिने राहिले ना?"

काका पुटपुटत पान लावायला बसले. "माफीला किती जागा सोडू?" मान वर न करताच त्यांनी विचारलं.

"साहेबांना विचारा. आणि उत्तर लिहून घ्या."