प्रलंबित प्रश्न : शून्य

वाचनालयाच्या बाईंची एक रीत होती. कुणी प्रश्न घेऊन आलं आणि उत्तर बाईंच्या जिभेवर असलं, तरी त्या सांगायच्या नाहीत. कुठल्या कपाटात शोधायचं तेवढं सांगायच्या आणि पुन्हा आपल्या कामाला लागायच्या. लोक चिडायचे, पुटपुटायचे, पण शोधायचे. आणि प्रश्न बाईंनाही अडला, तर तो चिठ्ठीवर लिहून दाराजवळच्या फळ्यावर टाचायचा. मग येणारा-जाणारा वाचायचा, डोकं खाजवायचा, आणि काही हाती लागलंच तर पुस्तकाचं नाव, पान नंबर लिहून खाली दुसरी चिठ्ठी लावायचा. उत्तर मिळेपर्यंत चिठ्ठी काढायची नाही. हा दंडक झाडूवालीपासून वरच्या मजल्यावरच्या संग्रहालयाच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे पाळत होते.

सव्वीस वर्षांत अशा कितीतरी चिठ्ठ्यांना उत्तरं मिळाली, आणि सध्या फळ्यावर एकशे त्रेचाळीस होत्या. मांजर पडताना बरोबर पायांवरच कशी पडते? माणसाला झोपेत शिंक येते का? वरच्या मजल्यावर काचेत ठेवलेल्या त्या वाकड्या लोखंडी आकड्याने पूर्वीचे लोक नक्की काय करायचे? हा शेवटचा खुद्द पहारेकऱ्याचा होता. बिचारा अकरा वर्षं त्या आकड्यावर पहारा देत होता, जाणून घ्यायचा हक्कच होता त्याला.

आणि एक चिठ्ठी नळवाल्या काकांची. काकांचं सगळं आयुष्य घरोघरचे नळ दुरुस्त करण्यात गेलेलं. आठ महिन्यांपूर्वी वाचनालयातला गळका नळ दुरुस्त करायला आले आणि सहज बोलून गेले, "गेलेलं पाणी परत येताना नळ आधी खोकतो बघा. तो खोकला पाइपात कुठे होतो, हे काही मला उभ्या जन्मात कळलं नाही." बाईंनी लगेच चिठ्ठी आणि पेन पुढे केलं.

"मी आणि पुस्तक? चेष्टा करता होय बाई?" काका म्हणाले होते.

पण दर गुरुवारी यायला लागले. आधी शाळेतलं विज्ञानाचं पुस्तक घेतलं, मग त्याच्यापेक्षा जाड, मग त्याच्याहून जाड. स्वतःची वही केली, तिच्यात पाइपांची चित्रं काढली. एकदा तर पुस्तकातली आकृती चुकलीय म्हणून तावातावाने भांडले, आणि खरंच चुकली होती! बाईंना त्यांचं इतकं कौतुक वाटायचं की घरी जेवताना त्याच गोष्टी. सासूबाई म्हणायच्या, "अगं, माझ्या मुलाचंही अधूनमधून कौतुक करत जा."

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना खात्याकडून परिपत्रक आलं. यापुढे प्रत्येक संग्रहालयाने आणि वाचनालयाने नागरिकांमध्ये 'भविष्यकालीन शिक्षणाची कौशल्ये' रुजवायची होती, आणि रुजवली का ते बघायला सोमवारी समिती येणार होती. साठच्या खाली गुण पडले तर वाचनालय बंद आणि खोली गोदामाला.

वरच्या संग्रहालयाचे आणि खालच्या वाचनालयाचे साहेब एकच. ते समितीचा गुणतक्ता घेऊन खाली आले, फळ्यापुढे उभे राहिले आणि चिठ्ठ्या मोजू लागले. मोजता मोजता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"बाई, एकशे त्रेचाळीस! इतके प्रश्न प्रलंबित? आणि तेही दर्शनी भागात टांगून ठेवलेत?"

"साहेब, या तक्रारी नाहीत. लोकांचं कुतूहल आहे ते."

"कुतूहलाचा रकाना सहावा. त्यात मी 'भरपूर' लिहिलंय. हा सातवा, प्रलंबित प्रश्न. इथे शून्य लागतं."

"पण ही उत्तरं शोधायला वर्षं जातील हो!"

साहेबांनी खिशातून रबरी शिक्का काढला. त्यावर 'निकाली' एवढंच होतं. "निकाली काढायला उत्तर कशाला लागतं, बाई? तीस वर्षं नोकरी केलीय मी." आणि जाता जाता म्हणाले, "बघा बुवा. फळा ठेवायचा की खोली ठेवायची, तुम्हीच ठरवा."

आता या माणसापुढे काय डोकं फोडायचं? बाईंनी फोडलंही नाही. शनिवारी फळ्यावरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या, पिशवीत भरल्या आणि घरी आणल्या.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर काम सुरू झालं. नुसता शिक्का मारून भागत नव्हतं, शेरा लागत होता. नवरा कचेरीत मुरलेला, त्याने भराभर शेरे सुचवले. मांजर पशुवैद्यकीय विभागाकडे वर्ग केली. शिंक आरोग्य विभागाकडे. लोखंडी आकडा संग्रहालयाचाच होता, म्हणून तो खालून वर, म्हणजे साहेबांकडेच वर्ग केला. नवरा खो खो हसला. बाईंना हसू आलं नाही.

सासूबाई चष्मा लावून चिठ्ठ्या वाचत बसल्या होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यापासून दुसऱ्यांचं ऐकायला मिळत नव्हतं, त्याची सगळी कसर त्या आज भरून काढत होत्या. "अगं, ही शिंकेची नको निकाली काढूस. मला हवंय हे उत्तर."

"आई, द्या ती इकडे. खोली जाईल हो."

"आणि खोलीत जाऊन माणसांनी करायचं काय? भिंती बघायच्या?"

"आधी खोली तर वाचू दे! मग एकूण एक चिठ्ठी पुन्हा लिहून लावते."

सासूबाईंनी चिठ्ठी दिली, पण तोंड फिरवून.

काकांची चिठ्ठी बाईंनी मुद्दाम तळाशी ठेवली होती. शेवटी तीच उरली. काकांना निदान एकदा विचारायला हवं होतं, असं मनात आलं, आणि मग विचारलं तर ते नाहीच म्हणतील हेही मनात आलं. बाईंनी डोळे मिटून शिक्का मारला आणि खाली लिहिलं, 'पाणीपुरवठा विभागाकडे वर्ग.' स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली त्यांना.

सोमवारी समिती आली. एक मॅडम आणि त्यांच्यामागे टॅब्लेट घेतलेले दोघे. वरच्या मजल्यावर पहारेकऱ्याने घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "मी पाहुण्यांमध्ये चिकित्सक विचार रुजवतो," आणि दोघांनीही टिक केलं. मग सगळे खाली आले. फळा धुऊन पुसून लख्ख केला होता. मॅडम त्याच्यापुढे थबकल्या.

"शून्य? मी चाळीस वाचनालयं पाहिली. सगळीकडे काही ना काही अडलेलंच होतं."

साहेबांची छाती फुगली. मॅडम बाईंकडे वळल्या. आवाजात खोच नव्हती, खरंच विचारत होत्या. "म्हणजे तुमच्या वाचकांना आता कसलाच प्रश्न पडत नाही?"

बोलायची वेळ होती ती हीच. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. पण साहेब डोळे वटारून बघत होते, मागे कपाटं दिसत होती, आणि बाईंनी कच खाल्ली.

"नाही, मॅडम. आता कसलाच नाही."

शंभरपैकी एक्क्याण्णव गुण मिळाले. त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला.

गुरुवारीच पत्र आलं. एरवी एका सहीला तीन महिने लावणारं ते खातं, आणि इथे तीन दिवस! साहेब जिन्यावरूनच मोठमोठ्याने वाचत खाली उतरले. "'सदर वाचनालयाची कामगिरी अत्युत्कृष्ट आहे. येथील वाचकांना आता कोणताही प्रश्न उरलेला नसल्याचे ग्रंथपालांनी समक्ष सांगितले. सबब, उद्दिष्ट पूर्ण झाल्याने वाचनालय पहिल्या तारखेपासून बंद करण्यात यावे व खोली गोदामास द्यावी.' अभिनंदन, बाई!" वाचण्याच्या भरात ते म्हणून गेले. मग मटकन खुर्चीत बसले आणि पत्र उलटून मागे काही आहे का ते बघू लागले. मागे कोरंच होतं.

तेवढ्यात नळवाले काका आत आले. चेहरा नुसता फुललेला.

"बाई, सापडला खोकला! पाणी खोकत नाहीच मुळी. आत हवा अडकते, मागून पाणी रेटतं, आणि ती फटाफट बाहेर पडते. पान दोनशे चौदा! पण मला सांगा, नळ जर घट्ट बंद, तर हवा आत शिरली कुठून? हा नवाच घोळ झाला. द्या एक चिठ्ठी." बोलत बोलत ते फळ्याकडे वळले आणि थांबले. "चिठ्ठ्या कुठे गेल्या?"

साहेबांनी मान खाली घालून पत्रच काकांच्या हातात दिलं. काकांनी ते दोनदा वाचलं. जाड जाड पुस्तकं पचवलेला माणूस, पण या चार ओळींत अडकला.

"कोणताही प्रश्न उरलेला नाही?" काका म्हणाले. "असं कसं? माझा आहे की. हे असं कुणी सांगितलं त्यांना?"

पत्रात 'ग्रंथपाल' लिहिलं होतं, पण काकांच्या लेखी बाई म्हणजे बाई होत्या. त्यांना कळलंच नव्हतं. ते विश्वासाने बाईंकडेच बघत होते, की या आता वर जाऊन कुणाला तरी चांगलं फैलावर घेतील.

"मी सांगितलं, काका," बाई म्हणाल्या.