कोणाला कळणार नाही

हेडफोनचा फोम अजून कोमट होता. म्हणजे आधीच्या पाळीतली मुलगी आत्ताच उठून गेली असणार, आणि तिचा घाम, तिचा श्वास, जे काही असेल ते या काळ्या भुसभुशीत गोळ्यात जिरलेलं... खुर्चीत बसता बसता तिने तो पुसला, पुन्हा पुसला, तरी कानाला लावताना मान आखडलीच. आरोग्य खात्याने या सभागृहात टेबलं मांडून फोन ठेवले होते. साथीची लागण झालेल्यांना फोन करायचा, कोणाकोणाला भेटलात ते काढून घ्यायचं, आणि त्या माणसांकडे पथक पाठवायचं. काढून घेण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. "तुझ्या आवाजाने माणूस विरघळतो गं," मुख्य बाई म्हणायच्या आणि अडून बसलेले फोन तिच्याकडे वळवायच्या.

आज अडून बसला होता एक ड्रायव्हर. भाऊ सांगितला, मालक सांगितला, गॅरेजवाला सांगितला. दुपारचं विचारलं की गप्प.

"दुपारी झोपतो, ताई."

"कुठे?"

पलीकडे नुसता श्वास, जड, मध्येच शिट्टीसारखा. ती थांबली. थांबणं हेच खरं कसब – लहानपणी आई अशीच थांबायची, रागवायची नाही, नुसती समोर बसून राहायची, आणि मग आपणच सगळं भडाभडा ओकून मोकळे व्हायचो.

"बहीण समजून सांगा," ती म्हणाली. "कोणाला कळणार नाही."

आणि तो बोलला. वारलेल्या मित्राची बायको. सासूजवळ राहते, पदरात लहान मूल. दुपारी सासूचा डोळा लागला की मागच्या दाराने... "ती घराबाहेर पाऊल टाकत नाही, ताई. माझ्याशिवाय कोणी तिकडे फिरकत नाही. तुमची माणसं गेली तर म्हातारी विचारेलच, हे आलं कुठून? हाकलून देईल तिला. मूल ठेवून घेईल. माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण..." पुढचं खोकल्याने खाल्लं.

तिने त्या बाईचा नंबर आणि पत्ता लिहून घेतला. कागद घेऊन ती मुख्य बाईंकडे गेली.

"पथकाऐवजी फोनवर नाही का भागणार?" तिने मुख्य बाईंना विचारलं.

"घरात म्हातारी, लहान मूल. उद्या कोणी दगावलं तर? आणि आपले पथकातले लोक कोणाचं नाव सांगत नाहीत, माहितीये ना तुला."

नाव सांगत नाहीत. खरंच होतं. म्हणजे मी खोटं बोलले नाही... पण पांढऱ्या कपड्यांत डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं दारात उभी राहिली, समोरच्या खिडक्या एकेक उघडल्या, की नाव सांगायचं उरतं काय? बंद घरात वारा कुठल्या फटीतून शिरला, हे शोधायला म्हातारीला कुठलं खातं लागत नाही.

पथक निघण्याआधी तिने स्वतःच त्या बाईला फोन लावला. निदान सावध तरी करावं.

"हॅलो?" तरुण, दबका आवाज.

"आरोग्य खात्यातून बोलतेय. तुमच्याकडे तपासणीला येतील. घाबरू नका. घरात कोणी विचारलं तर सांगा, सगळ्या गल्लीची तपासणी चाललीय."

"पण शेजारच्या घरात नाही ना जाणार ते?"

ज्या आवाजावर सभागृह चालायचं, तो ऐन वेळी निघालाच नाही.

"त्याला झालंय का?" बाईने विचारलं. आणि मग, आणखी खाली, "जिवंत आहे ना?"

"आहे." हे सांगायची परवानगी नव्हती.

"कोण आहे गं?" मागून म्हातारा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ खोकला – कोरडा, लांबत जाणारा, थांबला म्हणेपर्यंत पुन्हा उसळणारा.

बरं झालं.

हे शब्द तिच्या मनात कुठल्याही आडकाठीशिवाय आले. बरं झालं, म्हातारी खोकतेय. म्हणजे पथक जायलाच हवं होतं, म्हणजे माझं काही चुकलं नाही... खांद्यावरचं ओझं क्षणभर उतरलंसुद्धा. पलीकडून फोन ठेवला गेला, आणि मग तिला कळलं, आपण कशावर हलके झालो ते. पथकाची गाडी खालून सुटल्याचा आवाज आला. तिने पुढचा नंबर लावला. "नमस्कार, घाबरू नका," आवाज म्हणाला – तो परत आला होता, जसाच्या तसा, मऊ. तिला स्वतःचीच धास्ती वाटली.

संध्याकाळी घरी ती अंघोळ करून बाहेर आली तेव्हा आई पलीकडच्या भिंतीशी खुर्ची ओढून बसली होती. गेले कित्येक दिवस, लागण नको म्हणून, दोघींमध्ये सगळी खोली असायची. रोजचा प्रश्न आईने रोजच्यासारखाच विचारला, "आपल्याकडे नाही ना गं येणार ही साथ?"

रोजचं उत्तर – नाही येणार, घाबरू नकोस – जिभेवर तयार होतं. ते ऐकलं की आई उठून दिवा लावायची, स्वयंपाकघरात भांडी वाजायला लागायची. तिने तोंड उघडलं आणि थांबली. आईही थांबली – तशीच, समोर बसून, न रागावता.

"माहीत नाही, आई," ती म्हणाली. आवाज खरबरीत निघाला, कोणा दुसऱ्याच बाईचा असावा तसा.

खोलीत अंधार होत गेला आणि दोघींपैकी कोणीच उठलं नाही. दिवसभर फोनवरच्या त्या बाईच्या नावाने बाळगलेली भीती आता कोणाच्या नावाची राहिली नव्हती, ती नुसती होती, श्वासाइतकी जवळ, आणि त्या भीतीला समजवायला तिच्यापाशी एकही वाक्य उरलं नव्हतं...