खुर्चीवाल्यांकडची आत्या

एका मंगळवारी सकाळी ती पायपुसण्यावर नीट पाय पुसून, हातात फुगलेली पिशवी घेऊन खुर्चीवाल्यांच्या घरात शिरली आणि म्हणाली, "आले गं बाई एकदाची!"

दार उघडणाऱ्या सुनेला वाटलं, ही नवऱ्याची कुणीतरी आत्या असणार. नवऱ्याला वाटलं, बायकोची आत्या. सासऱ्यांना वाटलं, सुनेकडची माणसं आहेत, जास्त चौकशी केली तर पोरीला वाईट वाटेल. तिघेही एका सुरात म्हणाले, "या, या! किती वर्षांनी!" दारात उभ्या असलेल्या नातेवाईक बाईला "आपण कोण?" असं विचारण्यापेक्षा तिला महिनाभर घरात ठेवून घेणं लोकांना सोपं वाटतं, हे तिला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. म्हणजे किती पूर्वीपासून? तर एका माणसाने शेजाऱ्याच्या गुहेत डोकावून बायकोला "आपली जरा अंधारीच आहे, नाही?" असं म्हटलं, तेव्हापासून.

कारण ती कुणाचीच आत्या नव्हती. ती साक्षात इच्छा होती. तिला जन्म नव्हता, मरण नव्हतं. गुडघेदुखी तेवढी होती. राजे आणि सेनापती तिने बरेच हाताळले होते, पण त्या कामाचा तिला कंटाळा आला होता. राजाला काय हवं असतं? शेजारचं राज्य. ते मिळालं की त्याच्या शेजारचं. त्यात डोकं चालवायला जागाच नाही. कुटुंबात मात्र मजा असते. एकाला खिडकी उघडी हवी असते, दुसऱ्याला बंद, आणि तिसऱ्याच्या मते ती मुळात चुकीच्या भिंतीला आहे. अशा घरात ती चार दिवस राहिली की तिच्या गालांवर लाली चढायची.

खुर्चीवाल्यांकडे चार दिवसांत तिचे गाल बसले.

घराच्या पुढच्या खोलीत दुकान होतं. मोडक्या खुर्च्या, खचलेले सोफे तिथे यायचे आणि नवं कापड लेवून, छाती काढून परत जायचे. बाबा, म्हणजे सासरे, सकाळपासून तिथेच असत. बारीक खिळे ओठांत धरायचे आणि एकेक काढून ठोकायचे ही त्यांची पद्धत. त्यामुळे दिवसातला बराच वेळ त्यांना बोलता येत नसे, आणि ते त्यांना बरंच वाटे. मुलगा शेजारी बसून जुना काथ्या उपसायचा आणि शिंकायचा. काथ्याला, कापसाला, जुन्या सोफ्यातल्या धुळीला, प्रत्येकाला त्याची वेगळी शिंक होती. सून विमा कंपनीत नोकरी करायची. सगळं सुरळीत होतं आणि सगळे समाधानी होते, असं तिघेही एकमेकांना वरचेवर सांगत.

"पंखा लावू का, आत्या?" सुनेने पहिल्या दिवशी विचारलं.

"यांना विचार की."

"मला काय, चालेल," मुलगा म्हणाला. "बाबांना वारा सोसत नाही ना?"

"माझं काही नाही," बाबा म्हणाले. "तुम्हाला हवा असेल तर लावा."

"आम्हाला नसला तरी चालतो."

पंखा लागला नाही. चौघेही घाम पुसत एकमेकांकडे प्रेमाने बघत बसले.

'मला हवंय' असं त्या घरात कुणी म्हणतच नसे. बाबांना वाटे, मुलाला दुकानाची आवड आहे. मुलाला वाटे, आपण दुकान सोडलं तर बाबा खचतील. आणि सून? ती खरी गंमत होती. विमा कंपनीत आलेल्या लोकांना बसायला एक सोफा होता. त्याच्या मधल्या स्प्रिंगा सुटल्या होत्या. सुनेने एका जेवणाच्या सुट्टीत पर्समधून दाभण आणि सुतळी काढली, सोफा उलटा केला आणि स्प्रिंगा पुन्हा बांधून टाकल्या. साहेबांना वाटलं, कंपनीने नवा सोफा घेतला. सुट्टीच्या दिवशी ती "बाबांना चहा द्यायला" म्हणून दुकानात जायची, ती जेवायच्या वेळेलाच परत यायची. तिला ते दुकान इतकं हवं होतं, की रात्री झोपेत ती उशीच्या कडा चिमटीत धरून शिवण तपासायची. पण दुकान नवऱ्याला मिळणार होतं आणि नवऱ्याला ते हवं होतं, अशी तिची समजूत होती. मग बोलायचं कसं?

इच्छेने ठरवलं, आता हात घालायचा.

तिची रीत साधी होती. कुणाच्या खांद्यावरचा दोरा किंवा कापूस उचलायचा आणि तेवढ्यात आत एक फुंकर घालायची. नसलेली इच्छा तिला पेरता येत नसे, पण असलेली फुलवता येई. आणि या घरात तर प्रत्येकाच्या खांद्यावर बारा महिने कापूस असायचा. तिने एका सकाळी तिघांचेही खांदे झटकले आणि ओट्याला टेकून वाट बघत उभी राहिली.

संध्याकाळी बाबा बाजारातून आले ते एक देखणी हातोडी घेऊन. तिच्या तोंडाला चुंबक होता, खिळा आपोआप धरायची. बाबांनी ती वाटेत चारदा पिशवीतून काढून बघितली होती. घरी आल्यावर त्यांनी ती मुलाच्या हातात ठेवली. "तुला आणली. तुला हवी होती ना?"

मुलगा शिंकला आणि म्हणाला, "वा, बाबा!"

मग मुलाने एक खोका काढला. त्यात मोठा काळा गॉगल आणि मऊ कातड्याचे हातमोजे होते, लांबच्या गाड्या चालवणारे लोक घालतात तसले. "बाबा, तुम्हाला उन्हाचा त्रास होतो, म्हणून."

बाबांनी हातमोजे घालून बघितले. त्यांना बोटं वाकवता येईनात. "झकास," ते म्हणाले.

सुनेने नवऱ्यासाठी जाड कापडाचा खिसेवाला अंगरखा आणला होता, दुकानात काम करताना घालायला. तो नवऱ्याच्या गुडघ्यांपर्यंतही पोचला नाही. सुनेला मात्र तो मापात बसला असता.

"थोडा आखूड आहे का?" तिने विचारलं.

"नाही, नाही. हवा खेळती राहते."

इच्छा ओट्याला टेकली होती ती खालीच बसली. इतक्या युगांत असं कधी झालं नव्हतं. लोकांनी हव्या त्या गोष्टीसाठी भांडणं केली होती, समुद्र ओलांडले होते, दाढ्या काढल्या होत्या. पण स्वतःला हवी ती वस्तू आणून ती मायेने दुसऱ्याच्या गळ्यात मारायची, हा प्रकार तिने प्रथमच पाहिला.

तिने आणखी जोरात फुंकर घातली. हीच तिची चूक झाली. कारण बाबांना जगात सगळ्यात जास्त हवं होतं ते दुकान, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ओठांतले सगळे खिळे डबीत काढून ठेवले आणि जाहीर केलं, "आता दुकान तुझं. सगळं तुझं. मी इथे असलो की तुला मोकळेपणाने काम करता यायचं नाही, म्हणून मी येत्या रविवारी गावी माझ्या ताईकडे जातो. कायमचा."

मुलाला शिंकही आली नाही.

"तुम्हाला बरं वाटणार असेल तर..." मुलगा म्हणाला.

"तुम्हाला आवडत असेल तर, बाबा," सून म्हणाली. तिचा आवाज जरा चिरकला. बाबा गेले तर दुकानही गेलं आणि शिकवणाराही गेला. ती आत जाऊन बाबांचे सदरे घडी करू लागली. इतक्या घट्ट घड्या घातल्या की सदऱ्यांचे रुमाल झाले. मुलाने बसचं तिकीट काढून आणलं. "एकदम पुढची सीट आहे, बाबा. ड्रायव्हरच्या मागे. तिथून सगळं दिसतं. गिअर, आरसे, सगळं!" बोलता बोलता त्याचे डोळे चमकत होते.

"झकास," बाबा म्हणाले.

रविवार उजाडला. बॅग दुकानाच्या दारात आली. टेबलावर एक आरामखुर्ची उघडी पडली होती. तिच्या स्प्रिंगा बांधून झाल्या होत्या, कापूस चढवायचा राहिला होता. बाबा मुलाला काम समजावत होते. मुलगा मान डोलवत होता. सून दारात उभी राहून मुलाच्या हातांकडे बघत होती. तो सुतळी उलट्या बाजूने धरत होता, आणि प्रत्येक वेळी तिचेही हात आपोआप उचलले जात होते.

इच्छा मधल्या खोलीतून हे बघत होती. आता कुणाच्या खांद्याला हात लावायची तिची हिंमत नव्हती. आणखी एक फुंकर, आणि हे लोक घरही कुणाला तरी भेट देऊन टाकतील. भेट! तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अनंत काळ तिने लोकांना हावरट बनवलं होतं, पण स्वतः कधी काही मागितलं नव्हतं. तिने पदर खोचला, दुकानात आली आणि टेबलावर थाप मारली.

"मला हे दुकान हवंय."

तिघांनी तिच्याकडे पाहिलं. पाहुण्या बाईने असं काही मागितल्याचं कुणीच कधी ऐकलं नव्हतं.

"दुकान?" बाबा म्हणाले.

"दुकान. टेबल, कात्र्या, कापडाचे ताके, दाराची पाटी. सगळं. मला फार आवडलंय."

बाबांचा चेहरा पांढरा पडला, पण त्यांची जीभ जन्मभर एकच रस्ता चाललेली होती. "घ्या ना," ते म्हणाले. "म्हणजे... याची हरकत नसेल तर."

"माझी?" मुलाच्या चेहऱ्यावर एकदम ऊन पडल्यासारखं झालं. "माझी कसली हरकत? घ्या ना, आत्या! आजच घ्या!"

"मग ठरलं," इच्छा म्हणाली, आणि तिने कात्रीकडे हात नेला.

"हात लावू नका!"

हा आवाज सुनेचा होता. तो तिलाही नवा होता. ती दोन ढांगांत टेबलापाशी आली आणि तिने कात्री उचलून छातीशी धरली.

"दुकान तुम्हाला मिळणार नाही, आत्या. कुणालाच मिळणार नाही. दुकान मला हवंय." ती थांबली, पण थांबता येईना. "मलाच हवंय! पहिल्या दिवसापासून हवंय. ही खुर्ची मला पुरी करायचीय. ते विम्याचे कागद मला नकोत. बाबा, तुम्ही कुठेही जायचं नाही, मला अजून शिवण शिकायचीय तुमच्याकडून. आणि तुम्ही," ती नवऱ्याकडे वळली, "सुतळी उलटी धरताय!"

नवऱ्याने सुतळी अशी खाली ठेवली, जसं एखादं झोपलेलं मूल उतरवून ठेवतात. "मला बस चालवायचीय," तो म्हणाला.

"काय?"

"बस. मोठी. मी परीक्षाही देऊन आलोय. पास झालोय."

"अरे गाढवा," बाबा म्हणाले, "मग आजवर बोलला का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मला? अरे, तू शिंकलास की माझा खिळा वाकडा जातो! इतकी वर्षं मी ते वाकडे खिळे उपटतोय, तुला वाईट वाटू नये म्हणून!" बाबांना बोलायची अशी काही गोडी लागली की त्यांनी ठाण मांडलं. "आणि मला ताईकडे जायचं नाही. ताई सकाळी मोठ्याने पेपर वाचते. जाहिरातींसकट. मला इथेच राहायचंय, आणि ती हातोडी मला परत हवीय!"

"घ्या!" मुलगा म्हणाला. "आणि माझे हातमोजे द्या!"

अंगरखा सुनेने विचारलाही नाही. तो तिने नवऱ्याच्या अंगावरून सरळ ओढून काढला.

सगळे एकाच वेळी बोलत होते. त्या गडबडीत सुनेला जरा लाज वाटली. "आत्या, माफ करा हं. मी तुमच्यावर ओरडले. तुम्ही यांच्या आत्या, आणि मी..."

"आमच्या?" बाबा म्हणाले. "तुझ्या ना?"

"माझी आत्या तर इतकी बुटकी आहे!"

तिघांनी तिच्याकडे वळून पाहिलं. तिच्या गालांवर लाली चढली होती. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "मी इच्छा," ती म्हणाली.

"छान नाव आहे," बाबा म्हणाले. "जेवूनच जा."

ती जेवली, आणि गेली मात्र नाही. त्या घरातून आता तिला निघवत नव्हतं, इतकं छान चाललं होतं. मुलगा पुढच्या महिन्यात बसवर रुजू झाला. चौकात वळताना तो घराच्या दिशेने हॉर्न द्यायचा, आणि कुणी ओरडलं तर म्हणायचा, "मला द्यावासा वाटला." सुनेने नोकरी सोडली. साहेबांनी हळहळून तिला सांगितलं, "तुम्ही असताना सोफासुद्धा नीट होता."

आणि दुकानातून आरडाओरडा ऐकू येऊ लागला. त्या आरामखुर्चीची पाठ कशी असावी यावर बाबा आणि सून यांचं तीन दिवस चाललं होतं.

"पाठ सरळच हवी! माणूस खुर्चीत बसतो, लोळत नाही!"

"बाबा, तिचं नावच आरामखुर्ची आहे. मला पाठ कललेली हवीय."

"मला सरळ हवीय!"

शेजारच्या चष्म्यांच्या दुकानातला चष्मेवाला घाबरून डोकावला. "काय झालं हो? कुणाचं काही बिनसलंय का?"

"छे, छे," बाबा आनंदाने म्हणाले. "काम चाललंय. या, बसा, तुम्हीच सांगा. पाठ कशी हवी?"

"माझं काय," चष्मेवाला म्हणाला, "मला कशीही..."

"असं नाही चालायचं इथे!" सून आणि सासरे एकदम ओरडले.

चष्मेवाल्याने घाम पुसला, खुर्चीकडे बघितलं, आणि आयुष्यात कुणी पहिल्यांदाच विचारल्यासारखा विचारात पडला. तो बोलेपर्यंत बाबा आपली बाजू आणखी एकदा मांडणार होते. पण तेवढ्यात सुनेने पाठ तिला हवी तेवढी कलवून धरली होती आणि पहिला खिळा ठोकलाही होता.