मैनेचा दुसरा गिअर

ट्रक दुरुस्तीसाठी माझ्या हवाली करताना काशिराम एवढंच म्हणाला, "चालू झाली तरी माज्या दारावरनं नेऊ नका, मास्तर."

मैना हे त्या ट्रकचं नाव. जुनी अमेरिकन शेवरोलेट पिकअप, फुगीर बॉनेटची, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. काशिरामनं तिच्यातून वर्षानुवर्षं उरणच्या धक्क्यावरची मासळी पनवेलच्या बाजारात आणली होती. मग एकदा होडी ओढताना त्याचा डावा हात दोराच्या फासात सापडला. हात राहिला, पण कोपराखाली जोर उरला नाही. आणि मैनेचा गिअर स्टिअरिंगखालून डावीकडे निघालेल्या दांड्याचा. तो डाव्या हातानंच टाकायचा. त्या दिवसापासून ती कोळीवाड्यामागच्या बाभळीखाली उभी होती. हौद्यात कोंबड्या अंडी घालायच्या.

मी शाळेतून निवृत्त झालो होतो आणि मुलाकडे नवीन पनवेलला राहायला आलो होतो. इमारतीमागे मोकळा प्लॉट होता. तिथे मैनेला ट्रॅक्टरनं ओढत आणलं, तेव्हा माझी नात अनुया, चौथीतली, तिच्याभोवती एक चक्कर मारून आली.

"आजोबा, हिला गाल आहेत!"

इतर मुलं हसली. अनुया मात्र दुसऱ्या दिवशी शाळेतून आली ती थेट प्लॉटवर.

मी तिला पहिला नियम सांगितला, जे शेवटी निघतं ते आधी बसतं. म्हणून काढलेला प्रत्येक नट जुन्या साडीवर ओळीनं मांडायचा, फेकायचा नाही. गंजलेल्या बोल्टावर रॉकेल सोडून वाट पाहायची.

"किती वेळ?"

"तो सैल होईपर्यंत."

"आणि नाहीच झाला तर?"

"तर आणखी रॉकेल."

कार्ब्युरेटरची बारीक भोकं तिनं तारेनं साफ केली, माझी बोटं तिथे जाड पडत होती. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून मी रेडिएटर आणला. हौद्याच्या फळ्या उचलल्या तर फटींमध्ये माशांची खवलं चिकटलेली, अभ्रकासारखी चमकत होती. अनुयानं त्यातली काही कंपासपेटीत ठेवली आणि आठवडाभर तिच्या वह्यांना बोंबलांचा वास येत राहिला.

रंगावरून आमचं थोडं भांडण झालं. एका जुन्या मासिकातल्या चित्रात अशीच गाडी हिरवी होती आणि मला हिरवाच हवा होता. अनुयानं डॅशबोर्डखालचा गंज खरवडला. आत निळा निघाला, होडीला देतात तसा.

"हिचा रंग हिलाच माहीत आहे," ती म्हणाली. निळा आणला.

दिवाळीनंतर एका सकाळी मैना खोकली, धुराचा एक भलामोठा ढग सोडला आणि चालू झाली. तेव्हा आमच्याकडे सिडकोचे रस्ते आधी झाले होते, इमारती मागून यायच्या होत्या. रुंद, रिकाम्या रस्त्यावर मी मैनेला हळूहळू फिरवू लागलो. अनुया माझ्या डाव्या बाजूला बसे, म्हणजे गिअरचा दांडा नेमका तिच्यापुढे येई.

एकदा माझ्या चष्म्यावर धूळ बसली. मी तो पुसत असताना ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही क्लच दाबा, मी टाकते." आणि टाकला. घरी परतल्यावर म्हणाली, "काशिरामबाबांचा पाय बरा आहे ना?"

आम्ही दोघं कोळीवाड्यात गेलो. काशिराम ओट्यावर जाळं शिवत होता. जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं, उजव्या हातात सुई. क्लच त्यानं दाबायचा, गिअर अनुयानं टाकायचा, हे मी सांगितलं, अनुयानंही सांगितलं. त्यानं मान वर केली नाही.

"पोराटोरांचा खेल नाय तो, मास्तर. मोटार हाय."

आतून त्याची बायको ठमाबाई बाहेर आली. "मोटार हाय तं हाय! ती गेल्यापासून ह्यो मानूस रोज त्या बाभलीखाली जाऊन बसतो. रिकाम्या जागंला! लोकं हसतान मला."

"ठमे, गप."

"नाय गप बसत. उठा, सदरा घाला. मी पन येतंय. पडाल तं उचलाया कोन हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रिकाम्या रस्त्यावर आला. मैनेकडे सरळ पाहिलं नाही. आधी मागे जाऊन फळ्यांवर हात फिरवला, मग चाकाला पाय लावला, मग चढला. ठमाबाई हौद्यात उभी राहिली. मी रस्त्याकडेला थांबलो. पुढे तिसऱ्याची गरज नव्हती.

मी अनुयाला आकड्यांनी शिकवलं होतं. पहिला म्हणजे स्वतःकडे ओढून खाली, दुसरा म्हणजे पुढे ढकलून वर. काशिरामनं "एक" म्हटलं, तिनं दांडा ओढला आणि मैना करकरली. त्याचा पाय अजून क्लचवर पोहोचला नव्हता. पुन्हा केलं. पहिला पडला, गाडी निघाली, पण "दोन" म्हणताच असा दात खरवडल्याचा आवाज आला की इंजिनच बंद पडलं. तिसऱ्यांदाही तसंच. अनुयाच्या डोळ्यांत पाणी आलं. काशिरामनं उजवा हात दारावर ठेवला, उतरायला.

"बोललो व्हतो तुला, ठमे," तो मागे न बघता म्हणाला. "एका हाताची न्हवं ती."

"आवो, पन मोजताव कशाला?" हौद्यातून ठमाबाई ओरडली. "जालं वढताना कंदी मोजलाव? पोरी, तू आकडं सोड. माज्याकडं कान दे."

आणि तिनं हाळी दिली. होडीवर जाळं ओढताना देतात तीच. लांब "हो…" आणि मग तोडून "हय!" लांब सुरात सगळ्यांनी जोर गोळा करायचा, "हय"ला एकदम ओढायचं. काशिरामचा पाय "हो"लाच आपोआप खाली गेला, इतकी वर्षं त्याचं अंग त्या हाळीवर हललेलं. "हय"ला अनुयानं ओढलं. पहिला, लोण्यासारखा. मैना निघाली. "हो…" क्लच. "हय!" दुसरा.

मी रस्त्याकडेला उभा होतो आणि ती निळी गाडी माझ्यापासून लांब जात होती. हौद्यात पदर खोचून एक म्हातारी हाळी देत होती. पुढे कर्नाळ्याचा सुळका दिसत होता. रस्ता संपतो तिथे त्यांनी वळण घेतलं, काशिरामनं एका हातानं स्टिअरिंग ओढत, सावकाश. परत येताना ठमाबाईची हाळी ऐकू आली नाही. काशिरामचीच आली, जाड, घोगरी.

माझ्याजवळ मैना थांबली. त्यानं इंजिन बंद केलं नाही. उजव्या हातानं आपला डावा हात मांडीवरून उचलला आणि दांड्यावरच्या अनुयाच्या मुठीवर नेऊन ठेवला. ती हलली नाही.

"जड हाय काय गो?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मंग राहू दे."

मागून ठमाबाईनं टपावर थाप मारली. "चला आता! घरावरनं चला. साऱ्या कोलीवाड्यानं बगू दे."

काशिरामनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यानं श्वास भरला.

"हो…"