काकूंच्या गच्चीवरून आलेली लाईन

वैदेहीनं पुन्हा एकदा बटण दाबलं. पडद्यावरची सुई उडी मारून वर गेली, क्षणभर थबकली आणि हळूहळू खाली येत तळाशी जाऊन पडली. डाउनलोड बारा, अपलोड दीड. सकाळी अंथरुणातून उठल्याउठल्या तिनं हेच पाहिलं होतं, तेव्हा दोन्ही आकडे शंभराच्या आसपास होते.

ज्या फाइली जायच्या होत्या, त्या अडकून बसल्या होत्या. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली काढलेली पेशींची छायाचित्रं ती भूममध्ये बसून तपासायची, त्यांवर खुणा करायची आणि परत पाठवायची. एकेक छायाचित्र एखाद्या सिनेमाएवढं जड. गावात इंटरनेट घेणारा माणूस किती वेगानं येतं ते विचारतो. वैदेहीला किती वेगानं जातं ते हवं होतं.

फोन वाजला. अर्पिता, तिची वरिष्ठ.

"वैदेही, तुझं काम चांगलंच आहे गं. पण ते येतं संध्याकाळी. इथं सगळे सकाळपासून वाट बघत बसतात. महिनाअखेरपर्यंत मी सांभाळून घेते. नाही जमलं तर मात्र तुला पुण्यालाच यावं लागेल."

"बघते मी," वैदेही म्हणाली.

"आणि नवीन यंत्र आलंय. दोन दिवस शिकायला येणार होतीस, त्याचं काय?"

"आई एकटी असते, मॅडम."

थंडीत आई न्हाणीघरात घसरून पडली होती. शेजारच्यांनी उचलून दवाखान्यात नेलं, मग वैदेहीला फोन आला. गुडघा जरा बरा झाला, पण डॉक्टर म्हणाले, आता यांना एकटं ठेवू नका. तेव्हापासून वैदेही इथंच होती. पुण्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचा. त्याचं नाव काढलं की आई नुसतं "बघू" म्हणायची आणि त्या दिवशी दोन घास कमी जेवायची.

भूममध्ये पर्याय दोनच होते. एका मोठ्या कंपनीचा बिनवायरचा डबा. त्यात येतं झकास, जातं रडतखडत. दुसरा बलभीम. आधी तो घरोघर केबल टीव्ही द्यायचा, आता काचेची तार ओढून इंटरनेट देतो. त्याचा खांब मागच्या गल्लीत आणि खांब ते वैदेहीचं घर यांच्या मधे गायत्रीकाकूंची गच्ची. गावात तार अशीच येते, या गच्चीवरून त्या गच्चीवर, प्रत्येक ठिकाणी एक हूक मारून. ज्याच्या गच्चीवर हूक मारायचा त्याचा होकार लागतो. म्हणजे कुणाचं इंटरनेट घ्यायचं हे ठरवताना आपलं कुणाशी बरं आहे तेही बघावं लागतं.

काकूंशी त्यांचं बरं नव्हतं. बाबा आणि काका यांचं मधल्या भिंतीवरून फाटलं, तेव्हा वैदेही शाळेत होती. पुढं दोघेही गेले, पण अबोला तसाच राहिला. बलभीम हूक मारायचं विचारायला निघाला तेव्हा तिनं त्याला सांगितलं होतं, "त्या हो म्हणायच्या नाहीत." तो चहा गार व्हायच्या आत परत आला होता. "व्हय म्हणल्या की." वैदेहीला नवल वाटलं होतं. बलभीमची जीभ गोड आहे, एवढंच तिनं मनाशी म्हटलं.

आता तिनं त्यालाच फोन लावला.

बलभीम आला तो मोटारसायकलला शिडी बांधूनच. वैदेहीनं त्याला आठवडाभराचे आकडे दाखवले. ऊन चढलं की वेग पडतो, ऊन उतरलं की परत येतो.

"लोड असंल, ताई. दिवसा समदेच बघत्यात."

"लोड रात्री जास्त असतो. रात्री तर छान चालतं. आणि उन्हानं काचेला एवढं काही होत नाही. तार दिवसा कुठंतरी वाकतेय, आणि संध्याकाळी सरळ होतेय."

बलभीमनं तारेतला उजेड मोजायचं मीटर काढून तार लावली, मान हलवली. मग मागच्या गल्लीत खांबावर चढून तिथंही मीटर लावून आला.

"खांबावर उजेड भरपूर हाय. तुमच्यापातुर येईस्तवर गळतोय. मधीच मुडपलीय."

"मधे म्हणजे काकूंची गच्ची."

बलभीम मीटर पिशवीत भरू लागला.

"रोज? ठरल्या वेळेला?" वैदेही म्हणाली. "मुद्दाम करतायत त्या."

"आता म्या कसं सांगू? पण तार काय आपली आपण मुडपत न्हाय."

"मग तो कंपनीचा डबाच घेते मी."

"घ्या की," बलभीम हसला. "बिघडला की त्यांचा माणूस बार्शीवरनं येणार. तवर तुमच्या पेशी म्हाताऱ्या व्हत्याल."

वैदेहीला हसू आलं नाही. तिनं चपला घातल्या. आई रोजच्यासारखी देवळात प्रवचनाला गेली होती ते बरंच झालं. तिच्यासमोर हे भांडण नको होतं. गल्लीला वळसा घालून काकूंच्या दारापर्यंत जाईतो तिनं वाक्यं जुळवून ठेवली. काकू, माझी नोकरी या तारेवर आहे. काकू, भांडण बाबांचं होतं, माझं नव्हे. दुसरं वाक्य तिनं गाळलं. मग पुन्हा घेतलं.

दार उघडंच होतं. हाक मारली तर कुणी ओ दिली नाही. वरून बोलण्याचा आवाज येत होता. ती जिना चढू लागली. मागं बलभीम. निम्म्या जिन्यात, शिजवलेल्या गव्हाच्या चिकाचा आंबूस, ओला वास आला.

गच्चीवर बाजांवर प्लास्टिकचे कागद अंथरले होते, त्यांवर पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या ओळी. एका कडेला जुन्या सुती लुगड्याची सावली केलेली. लुगड्याचं एक टोक पाण्याच्या टाकीच्या नळाला, आणि दुसरं बलभीमच्या काळ्या तारेला. चांगली दुहेरी गाठ मारून, ताणून. तारेचा तिथं कोपरा झाला होता.

"आई गं!" बलभीम पुटपुटला.

सावलीत दोघी बसल्या होत्या. गायत्रीकाकू हातात काठी घेऊन चिमण्या हाकत होत्या. दुसरी पाठमोरी होती. तिनं एक पाय सरळ पसरला होता, दुखऱ्या गुडघ्याचा.

"आई?"

आईनं मान वळवली. हातातला चिकाचा गोळा तिनं पटकन ताटाखाली सरकवला, जसा काही तोच गुन्हा होता.

"तू देवळात गेली होतीस ना?"

"गेले होते की. येताना इकडून आले."

"रोज?"

उत्तर काकूंनीच दिलं.

"कुरडया काय एकटीनं होतात का गं? एकीनं चीक हलवायचा, एकीनं साचा धरायचा. मला खांद्यानं हलवता येत नाही, हिला गुडघ्यानं उठता येत नाही. दोघींची मिळून एक बाई होते."

"अन् ती बाई तोंडानं मात्र तिघींएवढी," आई म्हणाली.

"जाऊबाई, चीक खाताय तो माझ्या गव्हाचा. जरा जपून बोला."

वैदेही दोघींकडं पाहत उभी राहिली. जुळवलेलं एकही वाक्य तिला आठवेना.

"केव्हापासून?" तिनं विचारलं.

आई बोटांना चिकटलेला चीक काढत राहिली. "पडले तेव्हापासून. न्हाणीतून ओरडले, ते भिंतीपलीकडं हिलाच ऐकू गेलं."

'शेजारच्यांनी' उचललं, असं आईनं सांगितलं होतं. कुठल्या शेजारच्यांनी, ते वैदेहीनं कधी विचारलंच नव्हतं.

"मग मला सांगायचं ना."

"तुझ्या बाबांनी शपथ घातली होती, या घराची पायरी चढायची नाही म्हणून. तू त्यांची लाडकी." आईचा आवाज बारीक झाला. "तुला वाटलं असतं, ते गेले आणि ही सुटली."

वैदेही खाली बसली. गच्ची तापली होती. तळव्यांना चटका बसला तरी तिनं पाय सावलीत ओढून घेतले नाहीत.

"आणि ही गाठ कुणी मारली?" बलभीमनं शेवटी विचारलंच.

दोघींनी एकमेकींकडं बोट दाखवलं.

"आमाला काय ठावं बाबा," काकू त्याचीच बोली उचलून म्हणाल्या. "दोरीसारखी दोरी. चांगली घट्ट वाटली."

"काकू, हिच्यात काच हाय काच! हिच्यावर ताईंची नोकरी चालती."

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे तुझं जे रोज अडकायचं, ते यामुळं?" ती तशीच उठायला गेली, गुडघा आवळून पुन्हा बसली. "सोड रे बाबा ते लुगडं. आम्ही बसतो उन्हात."

"उन्हात कशाला बसता?" वैदेही म्हणाली आणि तिला स्वतःचाच आवाज वेगळा वाटला. मानेवरून काहीतरी उतरवून ठेवल्यासारखा. "बलभीमदादा, तुमच्याकडं दोरी असेल ना?"

बलभीमनं तार सोडवली, हूक हात पुरणार नाही इतका वर घेतला आणि शिडीची दोरी लुगड्याला बांधून दिली. खाली जाताना त्याच्या हातात काकूंनी वाटीभर चीक ठेवला, वर गूळ.

घरी येऊन वैदेहीनं बटण दाबलं. सुई वर गेली आणि वरच राहिली. अडकलेल्या फाइली एकामागून एक निघून गेल्या. तिचं जेवण होऊन ताट घासून झालं, तेव्हा अर्पिताचा फोन आला.

"आलं सगळं! काय केलंस? कंपनी बदललीस?"

"नाही. तीच ठेवली."

"रोज असं आलं, तर प्रश्नच मिटला. मी आता तुला बोलवत नाही, बाई."

"मी येते की," वैदेही म्हणाली. "पुढच्या आठवड्यात. दोन दिवस, त्या यंत्रासाठी."

"अगं, पण आई?"

चुलीजवळ आईचं ताट झाकून ठेवलेलं होतं. भिंतीपलीकडून, वरच्या बाजूनं, कुणीतरी चिमण्यांवर ओरडत होतं आणि दुसरं कुणीतरी हसत होतं.

"ती आत्ता घरी नाहीये," वैदेही म्हणाली. "आली की सांगते तिला."