खड्डा पडलेलं मटारचं पाकीट

मी मटारचं पाकीट बोलतोय. हसू नका. कधीच न शिजलेल्या मटारांनाही आयुष्य असतं, फक्त ते थंड असतं.

मला या घरात आणलं ते सरांच्या लेकीसाठी. ती दूरच्या शहरात नोकरीला, आणि मटार म्हणजे तिचा जीव की प्राण. ती येणार म्हणून सरांनी मला आणून बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. तिला सुट्टीच मिळाली नाही. सरांची बायको त्याआधीच गेलेली. एकट्यासाठी कोण पाकीट फोडणार? मी कप्प्यात राहिलो, सर घरात राहिले.

सर म्हणजे शाळेतले खेळाचे शिक्षक, आता निवृत्त. एका सकाळी त्यांनी कप्पा उघडला, तेव्हा डाव्या डोळ्याखाली सूज होती. कपाटाचं उघडं दार लागलं होतं. मला वाटलं, झालं, आता आपण पातेल्यात! पण त्यांनी मला पातळ फडक्यात गुंडाळून डोळ्याशी धरलं.

"बर्फ थेट कातडीला लावायचा नाही. बुबुळावर दाब द्यायचा नाही. दहा-पंधरा मिनिटं धरायचं, मग सोडायचं. अंधुक दिसतंय? दोन-दोन दिसतंय? मग सरळ डॉक्टरकडे!"

समोर कोणीच नव्हतं. आयुष्यभर मैदानावर पोरांना सांगितलेलं ते भिंतीला सांगत होते. प्रश्न खणखणीत विचारले, उत्तर मात्र दिलं नाही.

संध्याकाळपर्यंत डोळा काळानिळा झाला. सूज उतरावी म्हणून ते दोन उशा घेऊन झोपले. दोन दिवसांनी माझी पाळी संपली आणि कोमट फडक्याची सुरू झाली. जांभळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं झालं आणि मी पुन्हा अंधारात. एकदा वितळून पुन्हा गोठलेले मटार कोणी खात नाही. लागल्याशिवाय मला कोणी जवळ घेणार नाही, हे तेव्हाच कळलं. फार वाईट वाटलं.

मग दाराची चौकट लागली. मग जिन्यातला खांब. मग शेजाऱ्यांच्या सायकलचं हँडल. दर वेळी डावीच बाजू. सर मला धरून टेबलाशी बसत, तेवढ्यात मी घर बघून घ्यायचो. डावीकडे ठेवलेला कप ते कोपराने पाडायचे आणि कपालाच रागवायचे. मला सगळं कळत होतं, पण मटारांना तोंड कुठे असतं?

सरांचं चुकत होतं ते एवढंच. मैदानावर चेंडू कोणाच्या डोळ्याला लागला हे सगळ्यांनी पाहिलेलं असायचं. कारण शोधायची वेळच आली नाही. उपचार तेवढे तोंडपाठ. सूज उतरली की ते म्हणत, "चला, खेळा आता!" आणि एकटेच जिना उतरायला लागत. एक दिवस त्या जिन्यावरून ते गडगडत खाली जातील, या भीतीने मी आणखी गोठायचो.

लेकीचा व्हिडिओ कॉल आला की ते चेहऱ्याची उजवी बाजू पुढे करत. "मी एकदम ठणठणीत. तू तुझं बघ." ताकास तूर लागू दिली नाही.

शेवटी ती न कळवताच आली. हातपाय धुऊन थेट स्वयंपाकघरात. कप्पा उघडून तिने मला बाहेर काढलं.

"बाबा, हे मटार कधीचे? आणि यांना खड्डा कसला पडलाय?"

"पडला असेल गं. शेजारी बर्फाचा ट्रे असतो."

तिने बोटाने खड्डा चाचपला. स्वतःच्या गालाला लावून पाहिलं, नीट बसेना. मग ती सरांजवळ गेली आणि मला त्यांच्या डाव्या डोळ्याशी हलकेच टेकवलं. भुवईच्या हाडापासून गालापर्यंत मी चपखल बसलो. इतक्या वेळा वितळून मी त्यांच्याच चेहऱ्याच्या आकारात गोठलो होतो.

तिने मला टेबलावर ठेवलं आणि सरांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली, अगदी हाताच्या अंतरावर. डोळे पुसत होती.

सर समोर बघत राहिले. मग आवाज चढवून म्हणाले, "अगं, गेलीस कुठे?"

"इथेच आहे, बाबा."

ते दचकले. मान पूर्ण वळवली, तेव्हा कुठे ती दिसली. "आत्ता आलीस होय?"

"नाही," ती म्हणाली. "केव्हाची उभी आहे."

सर मग लहान मुलासारखे म्हणाले, "तुला कळलं की तू नोकरी सोडून येशील, म्हणून बोललो नाही गं."

"चला, चप्पल घाला," ती म्हणाली. दोघं डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. जिना उतरताना ती त्यांच्या डाव्या हाताला होती. पावलांच्या आवाजावरून कळलं मला.

घाईत मला कप्प्यात ठेवायचं राहून गेलं. टेबलावर माझ्याखाली पाणी साचलंय आणि खड्डा हळूहळू बुजतोय. परत आल्यावर ती मला कचऱ्यात टाकेल, टाकावंच. तुमच्या घरात कोणाचा डोळा काळानिळा दिसला, तर थंड जरूर लावा. पण कसं लागलं तेही विचारा आणि पहिल्या उत्तरावर गप्प बसू नका. मला विचारता आलं नाही.